कॉम्प्युटरचा बस्ता

मी आयुष्यातलं पहिलं ग्राफिक्स कार्ड विकत घेतलं, तेव्हा ते ज्या स्लॉटमध्ये बसवायचं तो स्लॉट माझ्या मदरबोर्डवर नव्हता. कार्ड महागातलं, मदरबोर्ड स्वस्तातला. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दुपारी, मी स्वतः निवडून घेतले होते. तेव्हा मी धुळ्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो. वीज आणि चुंबकत्व हा माझा हातखंडा विषय.

ही फजिती मी आजवर पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितली आहे. लोक हसतात, मीही हसतो. पण सांगताना एक माणूस मी हटकून गाळतो. तो गाळला की गोष्ट नुसती विनोदी राहते आणि मी सुटतो. आज गाळणार नाही.

भिकननाना माझे घरमालक. देवपुरात त्यांचं साधं, दोन मजली घर होतं. खाली ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर गच्चीला लागून असलेल्या दोन खोल्यांत मी. नोकरी आग्रा रोडच्या हायवेकडच्या टोकाला, एका जुन्या कापड दुकानात. तीस वर्षं ते तिथल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसत आले होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. धाकट्या बहिणीसाठी साडी घ्यायला गेलो होतो. नाना पदर उलगडत होते आणि मधेच त्यांचा हात थांबला. मान तिरकी झाली. मला वाटलं, साडीत काही खोट दिसली. नाना पुटपुटले, "तिसऱ्यात शे. भरेल शे. केळी व्हतीन, रावेरकडली."

बाहेरून एक ट्रक घरघरत गेला. मी दारापर्यंत जाऊन पाहिलं. ताडपत्रीखालून केळीचे घड डोकावत होते. परत येऊन बसलो तर नाना शांतपणे पुढची साडी उलगडत होते, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने. त्या साडीला काय रंग होता ते आज आठवत नाही. खोली भाड्याने मिळेल का, एवढं मात्र मी त्याच बैठकीत विचारलं.

लग्नाआधी नाना ट्रक चालवत. रावेरहून केळी भरायची आणि आग्रा रोडने थेट दिल्ली. सहा वर्षं. मग अक्कांच्या वडिलांनी अट घातली: ड्रायव्हरला पोरगी देणार नाही. नानांनी एका दिवसात किल्ली मालकाच्या हातावर ठेवली आणि कापड दुकानात चिकटले. पण दुकान निवडताना त्यांनी एक गोष्ट पाहिली. ते हायवेच्या टोकाला होतं. तीस वर्षं त्यांच्या पाठीमागून ट्रक जात राहिले आणि ते गादीवर बसून प्रत्येकाचा गिअर मनातल्या मनात बदलत राहिले. उताराला कुणी ड्रायव्हर न्यूट्रलमध्ये टाकून चालला असेल, तर नाना साडी हातात धरूनच त्याला शिवी घालत. गिऱ्हाईक दचकायचं.

दुकानात त्यांचा मान होता तो बस्त्यासाठी. लग्नाचा बस्ता बांधायला वीस माणसं यायची आणि बावीस मतं घेऊन यायची. नाना आधी कुणालाच काही दाखवत नसत. सगळ्यांना पाणी, चहा, आणि मग मुलीच्या बापाला जवळ बोलावून, "गाठीला काय बांधून आणलंय ते फक्त माझ्या कानात सांगा." बाप आकडा कानात सांगे. नाना डोळे मिटून क्षणभर बसत आणि मग उलट्या टोकाने सुरुवात करत. मामाचा टॉवेल-टोपी, आत्याचं लुगडं, करवल्यांचे कपडे, व्याह्यांचा मान. नवरीचा शालू सगळ्यात शेवटी. तोवर नवरी रडकुंडीला आलेली असायची.

"शालू आधी घेतला की मामा उघडा राहतो," नाना म्हणत. "आणि लग्नात रुसतो तो मामा. शालू कधी रुसलेला पाहिला का तुम्ही?"

गंमत अशी की कानात आकडा ऐकल्याबरोबर त्यांनी मनात शालू ठरवलेला असे आणि नोकराला खूण करून तो मागे गादीखाली सरकवून ठेवलेलाही असे. शेवटी तो निघायचा तेव्हा नवरीचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. बापाच्या गाठीत परतीच्या एसटीचे पैसे राहायचे. मी कॉलेज सुटल्यावर कितीतरी वेळा नुसता बघायला म्हणून दुकानात जाऊन बसलो आहे. एवढं नेमकं गणित मला वर्गात कधी जमलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मला कॉम्प्युटरचं वेड लागलं. जळगावला स्टेशनजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, माझा एक जुना विद्यार्थी प्रमोद सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून विकायचा. मी त्याच्याकडे प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला गेलो होतो आणि त्याच्या पडद्यावर एक खेळ चालू होता. मोठा थोरला मालट्रक, डोंगरातला रस्ता, वळणावर दिव्यांचा झोत फिरतोय. मी प्रश्नपत्रिका विसरून दोन तास खुर्चीत बसलो आणि अकरा वेळा दरीत कोसळलो. उठताना ठरवलं होतं, असा कॉम्प्युटर घ्यायचाच. पगाराचा फरक नुकताच हाती आला होता. पाचोऱ्याला वडिलांना पत्र लिहिलं की शैक्षणिक कामासाठी संगणकाची नितांत गरज आहे. 'नितांत' शब्दाखाली रेघ मारली.

नानांना मात्र खरं सांगितलं. संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. मी त्या ट्रकचं वर्णन केलं. नाना ऐकत राहिले आणि मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"गिअर बदलता येतात त्यात?"

"येतात."

"इंजिनाचा आवाज येतो?"

"येतो ना. चढाला वेगळा, उताराला वेगळा."

नाना म्हणाले, "रविवारले जळगाव जाऊ. बस्ता मी बांधस. पन पहिली फेरी मन्ही."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवतो, जी मला तेव्हा माहीत नव्हती. नानांची नजर जात होती. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता आणि गेलेलं परत येणार नाही, हेही सांगितलं होतं. नजर कडेकडून मिटत आत येत होती. अक्कांखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साड्या ते बोटांनी चाचपून ओळखायला लागले होते आणि ती त्यांची कला आहे असं समजून मी वर्गात पोरांना कौतुकाने सांगत होतो. नानांना एकदा, डोळे आहेत तोवर, पुन्हा गाडी चालवायची होती. ते काही माझ्या हौसेसाठी जळगावला निघाले नव्हते.

एसटीत त्यांनी खिडकी घेतली. पारोळा, एरंडोल, जळगाव. वाटेत मी त्यांना कॉम्प्युटरचे भाग समजावत होतो. पुस्तकी भाषेत. त्यांनी दहा मिनिटं सहन केलं आणि हात वर केला. "मास्तर, एक एक सांग. हा काय काम करतो, आणि तो रुसला तर काय होतं?" मी प्राध्यापक आहे, मास्तर नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं.

प्रमोदच्या दुकानात शिरल्याबरोबर नाना म्हणाले, "चादर आहे का? पांढरी?" प्रमोदने गोंधळून कुठूनशी एक चादर आणली. नानांनी ती जमिनीवर अंथरायला लावली, चपला काढल्या, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं, काढा."

प्रमोदने उत्साहाने पहिलं खोकं काढलं ते ग्राफिक्स कार्डांचं. नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हा शालू. मागे ठेवा. वीज कोण घेतो आत?"

पॉवर सप्लायचा डबा पुढे आला. नानांनी तो तळहातावर तोलला. "हलका आहे. दुसरा दाखवा." दुसरा तोलला. "हा. आपल्याकडची वीज म्हणजे थोरला जावई. येतो तेव्हा दणक्यात, जातो तेव्हा न सांगता. त्याची बडदास्त पहिले." मग मदरबोर्ड. तो त्यांनी उचलून अगदी डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने त्यावरचे स्लॉट चाचपत गेले. "हा मांडव. याला दारं किती? शालू नेसलेली नवरी कुठल्या दारातून येणार, ते दाखव." प्रमोदने तो तपकिरी स्लॉट दाखवला. नानांनी त्यात नख फिरवून खात्री केली. मला वाटलं, किती हा चिकित्सकपणा. पंखा घेताना म्हणाले, "मोठा दे बाबा. धुळ्याचा मे महिना तू काढला का कधी वरच्या मजल्यावर?"

मी साडीच्या खोक्याच्या झाकणावर यादी लिहीत होतो. झाकण नानांनीच घरून आणलं होतं. अर्ध्या तासात प्रमोदही रंगात आला. मेमरी दाखवताना तो आपण होऊन म्हणाला, "नाना, ही पंगतीची जागा समजा. एका वेळी किती पानं बसतात." नाना खूश झाले. "मग चौसष्ट पानं पुरे. गावजेवण नाही करायचं."

आकडा कडेला येऊ लागला तसा प्रमोद म्हणाला, "सर, साउंड कार्ड आणि स्पीकर आत्ता राहू द्या. नंतर कधीही टाकता येतात."

"वाजंत्री नंतर?" नाना म्हणाले. "वरात गेल्यावर?"

बस्त्यात पै-पैची काटकसर करणाऱ्या त्या माणसाने तेवढ्या एका बाबतीत हात सैल सोडला. स्पीकरचे दोन जोड आळीपाळीने वाजवायला लावले, डोळे मिटून ऐकले आणि त्यातला महाग घेतला. "ह्याला छातीचा आवाज शे," म्हणाले. शेवटी जे उरलं त्यात मागे ठेवलेल्यांपैकी एक मध्यम ग्राफिक्स कार्ड बरोब्बर बसलं. प्रमोदने विसार घेतला आणि आठ दिवसांनी या म्हणाला. परतीच्या एसटीत नाना ते झाकण मांडीवर धरून बसले होते. सोनं असल्यासारखं.

आठ दिवसांनी दुकानात लग्नाची गर्दी होती. नानांना सुटी मिळेना. "चार दिवस थांब, सोबत जाऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, यादी तर आहे, आणायचंच तर आहे. एकटा गेलो.

प्रमोदच्या टेबलावर एक नवं कार्ड होतं. कालच मुंबईहून आलेलं. त्याने ते चालवून दाखवलं. तोच ट्रक, तोच डोंगर, पण आता पानापानावर ऊन होतं. रस्ता ओला दिसत होता. मी खिसा चाचपला, झाकणावरची यादी काढली आणि स्वतःला बस्त्यातला जाणकार समजून कात्री चालवायला लागलो. साउंड कार्ड काटलं. छातीच्या आवाजाचे स्पीकर काटले. वाटलं, आवाज काय, डोळ्यांचा खेळ आहे हा. तरी थोडं कमी पडत होतं. तेव्हा मदरबोर्ड बदलून स्वस्तातला घेतला. त्यात चित्राची सोय अंगचीच होती. मला वाटलं, वा, म्हणजे दुप्पट चित्र.

"सर, बोर्ड बदलताय तर एकदा मी जोडूनच देतो," प्रमोद म्हणाला.

"अरे, फिजिक्स कोणी शिकवलं तुला?" मी म्हणालो. जोडणावळही वाचवली.

घरी येऊन चादर अंथरली. नानांसारखी. सगळं जोडलं आणि शेवटी शालू हातात घेतला. त्याला दारच नव्हतं. स्वस्तातल्या बोर्डावर तो तपकिरी स्लॉट जिथे असायला हवा, तिथे नुसती हिरवी पाटी होती. मी पाटी उलटी करून पाहिली. खरं सांगतो, उलट्या बाजूलाही पाहिलं. अंगच्या चित्रावर कॉम्प्युटर चालू व्हायचा, पण ट्रकचा खेळ सुरू करायला साफ नकार द्यायचा. प्रश्नपत्रिका तेवढ्या छान निघायच्या. वडिलांना लिहिलेलं पत्र खरं झालं.

खाली जाऊन नानांना सांगायचं धाडस झालं नाही. म्हणालो, एक पार्ट मुंबईहून यायचा आहे. नाना म्हणाले, "येईल, येईल." माझ्याजवळ नव्या बोर्डाचे पैसे नव्हते. शिकवण्या धरल्या. पेपर तपासायचं काम मागून घेतलं. रोज संध्याकाळी ओट्यावरून एकच प्रश्न यायचा, "उना का रे पार्ट?" मी जिना चढता चढता "अजून नाही" म्हणायचो. साडेचार महिने म्हणत राहिलो. त्या साडेचार महिन्यांत नाना दुकानात एकटे जायचे बंद झाले. शेजारचा शिंपी त्यांना सायकलवर मागे बसवून नेऊ लागला. मला वाटलं, वय झालं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी योग्य मदरबोर्ड आला. कार्ड बसलं. खेळ सुरू झाला. पानापानावर ऊन. मी धावत खाली गेलो. नाना धुतलेला सदरा घालून वर आले. जिन्यात त्यांचा एक हात भिंतीवरून घसटत होता. खुर्चीत बसले. कीबोर्डवर मी त्यांची बोटं ठेवून दिली: हे डावं, हे उजवं, हा गिअर, हा हॉर्न. त्यांनी हॉर्नच दाबला आधी. स्पीकर नव्हते, पण काहीही चुकलं की कॉम्प्युटरच्या पोटातून येणारा 'टूं' तेवढा आला.

नाना वाट बघत बसले. ट्रक पडद्यावर उभा होता.

"चालू कर ना, मास्तर."

"चालू आहे नाना."

"आवाज?"

म्हणालो, आवाजाचं नंतर टाकू. चित्र बघा ना कसलं आहे.

नाना हसले. "हॉर्न शे, पन इंजिन नही," म्हणाले. मग त्यांनी मान थोडी तिरकी करून पडद्याकडे पाहिलं, गिअर टाकला आणि गाडी सुरू केली. पहिल्याच वळणाला गाडी कठड्याला घासली. दुसऱ्याला दरीत गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गेली. सहा वर्षं दिल्लीला केळी नेणारा माणूस तीन मिनिटांत चारदा दरीत गेला. मी मूर्खासारखा मागून म्हणत होतो, "होतं असं, मीही अकरा वेळा पडलो." नाना उठले. पडद्यावर हलकेच तळहात ठेवला, जसा ते कापडावर ठेवत. "रंग पक्का शे," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

थोड्या वेळाने अक्का वर आल्या. अक्का कधी वर येत नसत. त्यांचे गुडघे दुखायचे. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, त्यास्ले आते दिसत नही रे. मधलं जरासं दिसतं, नळीतून बघावं तसं. कडा गेल्या. ज्येष्ठापासून सांगत होते, मास्तरची गाडी आली की कानावर चालवीन. तीस वर्षं कानावरच तर चालवली." मग माझ्या टेबलाकडे बघून विचारलं, "ते वाजायचं काय घेतलं होतं म्हणे तुम्ही, ते कुठे ठेवलं?"

मी सगळं सांगितलं. अक्का ऐकून भिंतीला धरत जिना उतरून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने जळगावला गेलो. ते छातीच्या आवाजाचे स्पीकर विकले गेले होते. प्रमोदने स्वतःच्या टेबलावरचे काढून दिले. "नानांसाठी ना?" एवढंच विचारलं आणि साउंड कार्ड मात्र, "आता मी येऊन बसवतो सर," म्हणत माझ्याबरोबर धुळ्याला आला. मी त्याला फिजिक्सची आठवण करून दिली नाही.

दुपारी नानांना हाताला धरून वर आणलं. या वेळी प्रमोदने किल्ली फिरवल्याचा आवाज आधी लावला. मग इंजिन घुमायला लागलं, टेबलावरची प्रश्नपत्रिकांची चळत थरथरली आणि नानांची पाठ सरळ झाली. तेवढंच पाहिलं मी, आणि मला पुढचं बराच वेळ नीट दिसलं नाही. नानांनी डोळे मिटले. पहिला, दुसरा. इंजिन जिथे दमल्यासारखं वाटे, नेमकं तिथे त्यांचं बोट गिअरवर जाई. एकदाही घरघर झाली नाही. पण रस्ता? रस्ता कोण बघणार?

"मास्तर," नाना म्हणाले, "क्लीनर व्हय."

मी त्यांचा क्लीनर झालो. शेजारी स्टूल घेऊन बसायचो आणि ओरडायचो, "डावीकडे घ्या, अजून, बास, सरळ, पुढे उजवं वळण!" नुसतं डावं-उजवं किती सांगणार? म्हणून मी रस्ताही सांगू लागलो. खेळात बर्फाचे डोंगर आणि सूचिपर्णी झाडं होती. कुठल्या देशातली कोण जाणे. मी म्हणायचो, डावीकडे केळीच्या बागा आहेत नाना, उजवीकडे कापूस फुटलाय. नानांना ठाऊक होतं मी थापा मारतोय. तरी मान हलवायचे. एकदा सुसाट निघाल्यावर मी ओरडलो, "नाना, शिरपूर आलं!"

नानांनी करकचून ब्रेक दाबला.

"धुळ्यातून निघालो ना आपण?"

"हो."

"मग सोनगीर कुठे गेलं? नरडाणा? तापीचा पूल कोणी खाल्ला?"

मी कधी त्या रस्त्याने धुळ्याच्या पुढे गेलोच नव्हतो. पुढच्या रविवारी मी मुद्दाम एसटीने सेंधव्यापर्यंत जाऊन आलो. वहीत गावं, पूल, घाटातली वळणं लिहून आणली. बिजासन घाट कसा चढतो ते बघून आलो. त्यानंतर आमच्या फेऱ्या बऱ्या होऊ लागल्या. थंडीत दुपारी दोनला आम्ही निघायचो. अक्का आधी वर येत नसत, मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकू लागल्या. एकदा त्यांनी फडक्यात बांधून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. "लांब जायचं ना," म्हणाल्या. नानांनी गाडी घाटाच्या पायथ्याशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही तिघांनी माझ्या त्या खोलीत बसून भाकरी खाल्ली. अक्का हळूच म्हणाल्या, "इतका का वाईट नव्हता आवाज." नानांनी भाकरीचा तुकडा मोडून अंदाजानेच अक्कांच्या हातात दिला.

आम्ही दिल्लीपर्यंत कधी पोचलो नाही. उन्हाळ्याच्या सुटीत माझी बदली पाचोऱ्याला झाली. कॉम्प्युटर नानांकडेच ठेवतो म्हटलं, तर म्हणाले, "क्लीनर नाही, तर गाडी कसाले?" निघताना त्यांनी ते खोक्याचं झाकण मला परत दिलं; फेऱ्यांच्या दिवसांत कधीतरी ते त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं होतं. मी खाडाखोड केलेलं. साउंड कार्डवर मारलेली काट त्यांना दिसत नव्हती, पण पेन इतकं जोरात दाबलं होतं की बोटाला लागत होती. त्यांनी त्या काटेवर बोट ठेवलेलं होतं.

दोन वर्षांनी ते गेले. मला उशिरा कळलं.

त्यानंतर मी किती कॉम्प्युटर जोडले, मोजलेले नाहीत. आधी स्वतःचे, मग भाच्यांचे, मग शाळेचे. अजूनही कुणी मोठ्या कार्डाचा हट्ट धरून आलं की मी पहिले पॉवर सप्लाय तळहातावर तोलतो. पोरं हसतात. वाजंत्री कधीच काटत नाही. आणि पाचोऱ्याच्या घरामागून एखादा ट्रक चढाला लागला, की माझी मान आपोआप तिरकी होते. गिअर मात्र ओळखता येत नाही. तिसरा की चौथा, हे विचारायला आता कुणी नाही. मग मी उगीच काहीतरी आकडा ठरवतो आणि ट्रक दूर जाईपर्यंत तसाच उभा राहतो.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा धुळ्याला अक्कांना भेटायला गेलो होतो. वरच्या खोल्या रिकाम्याच होत्या. अक्कांनी चहा केला. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. साडेचार महिन्यांची माफी मागायची होती. ते काही जमेना. म्हणून म्हणालो, "अक्का, माझ्यामुळे त्यांना रस्ता बघता नाही आला. पण निदान त्यांचा शेवटचा क्लीनर मी होतो, एवढं तरी समाधान आहे."

अक्कांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर हसू फुटलं होतं.

"ते काय सांगेत, माहीत शे का?" त्या म्हणाल्या. "असा क्लीनर मन्हा ट्रकवर राहता, तर त्याले सोनगीरलेच उतारी देतू."